रसायनशास्त्रात पास झाल्याचा ठपका

एमेट लिंडक्विस्टने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि ते बायकोला सांगायला नेमकी चुकीची वेळ निवडली. कोरीन त्या क्षणी ओव्हनमधून हॉटडिशचं, म्हणजे मांस-बटाट्यांच्या भाजलेल्या जेवणाचं, तापलेलं भांडं बाहेर काढत होती. दोन्ही हात गुंतलेले, चष्म्यावर वाफ. अशा अवस्थेतल्या बाईला मागून कुणी ‘मी डॉक्टर होणार आहे’ असं सांगितलं तर ती काय म्हणणार? कोरीन म्हणाली, ‘‘आधी बाजूला हो.’’

एमेटने याचा अर्थ ‘नंतर सविस्तर बोलू’ असा घेतला. कोरीनच्या मनात अर्थ एवढाच होता, की बाजूला हो.

तसा एमेटचा डॉक्टरांशी संबंध जुना. डुलूथ शहरात टेकडीवरच्या एका आरोग्यविमा कंपनीत तो अठरा वर्षं दावे तपासत होता. ‘तपासत होता’ हे आपण सभ्यपणाने म्हणायचं. लोकांची दुखणी कागदावर उतरून त्याच्या टेबलावर यायची आणि त्यातली कोणती कंपनीच्या नियमांत बसत नाहीत हे तो शोधून काढायचा. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्या ऑगस्टमध्ये टू हार्बर्स गावच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन एमेटने नामंजूर केलं होतं. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘तुम्ही डॉक्टर आहात का?’’ एमेट नाही म्हणाला. ‘‘मग माझ्या गुडघ्याला ऑपरेशन नको हे तुम्हाला कसं कळलं?’’ एमेटने नियमाचा क्रमांक सांगितला. बाईंनी तो लिहून घेतला, त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. आमच्या भागात माणसं भांडत नाहीत, आभार मानतात. ते जास्त लागतं. एमेटला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही आणि चौथ्या दिवशी हॉटडिशच्या साक्षीने वरची घोषणा झाली.

आता डॉक्टर व्हायचं तर आधी कसलीतरी पदवी लागते, आणि मग वैद्यकीय कॉलेज. पदवी कसलीही चालते, फक्त बरोबर रसायन, जीव आणि भौतिक ही शास्त्रं शिकलेली असावी लागतात. एमेटची पदवी प्राचीन नॉर्स भाषेतली. आठशे वर्षांपूर्वी आइसलंडात कुणी कुणाची मेंढरं पळवली हे तो मूळ भाषेत वाचू शकायचा. माणसाला मूत्रपिंडं किती असतात याबद्दल मात्र तो जरा चाचरायचा. अशा उशिरा जागे झालेल्या माणसांसाठी काही विद्यापीठांनी दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम काढला आहे. आयुष्यात भलतंच काही करून बसलेल्या पदवीधरांना तिथे विज्ञान श्रीगणेशापासून शिकवतात आणि वैद्यकीय कॉलेजच्या दारात नेऊन उभं करतात. त्याला म्हणतात ‘पोस्ट-बॅक’, म्हणजे पदवीनंतरचा.

पहिला घोळ या नावानेच घातला.

एमेटच्या शेजारी केटुनन नावाचे गृहस्थ राहायचे. खनिज वाहणाऱ्या बोटींवर तीस वर्षं आचारी होते. आता निवृत्त, विधुर, डाव्या कानाने ठार बहिरे. स्वतःवर तीन ऑपरेशनं झाल्यामुळे वैद्यकशास्त्रावर आपला अधिकार आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. एमेटने कुंपणावरून त्यांना सांगितलं, की मी पोस्ट-बॅकसाठी अर्ज करतोय. केटुननच्या उजव्या कानात त्यातलं फक्त ‘बॅक’ शिरलं. त्यांनी एमेटच्या कमरेकडे करुणेने पाहिलं आणि विचारलं, ‘‘कितवा मणका?’’

एमेट खुलासा करणार होता. पण खुलासा म्हणजे आपण एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला निघालोय हे रस्त्यावर उभं राहून मोठ्या आवाजात, उजव्या कानाच्या दिशेने ओरडून सांगायचं. समोरच्या घरातल्या डाल्बीबाई त्या वेळी पोर्चमध्येच बसल्या होत्या. एमेटने विचार केला आणि म्हणाला, ‘‘खालचा.’’

त्या एका शब्दाने त्याचं पुढचे कित्येक महिने नुकसान केलं. संध्याकाळी केटुनन पट्ट्यांचा एक जाडजूड कमरपट्टा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी डाल्बीबाईंनी त्याच्या दारातली पानं स्वतः झाडून दिली. कोरीनच्या आईने फार्गोहून शेकायची पिशवी पाठवली. पहिला बर्फ पडला तेव्हा सत्तरी उलटलेले केटुनन फावडं घेऊन एमेटचा रस्ता मोकळा करत होते आणि एमेट, अंगाने धडधाकट, आत पडद्याआड उभा राहून मेल्याहून मेल्यासारखा होत होता.

कोरीन म्हणाली, ‘‘जा आणि खरं काय ते सांग.’’

‘‘आता सांगितलं तर काय म्हणतील?’’

‘‘म्हणतील, की पाठ बरी झाली, डोक्याचं काय?’’

कोरीन एका हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर काम करायची. गिऱ्हाइकाने आणलेला भिंतीचा टवका बघून ती नेमकी तीच छटा कालवून द्यायची. दिवसभर माणसांना हवा तो रंग देणाऱ्या बाईला नवऱ्याचा हा नवा रंग काही पटत नव्हता. पण तिने विरोध केला नाही. ती फक्त म्हणाली, ‘‘वेगळंच आहे हे.’’ ज्यांनी आमच्याकडे आयुष्य काढलंय त्यांना ठाऊक आहे, याच्यापलीकडे निषेधाला शब्द नाही.

अर्जासाठी पहिली गरज होती पदवीच्या गुणपत्रिकेची. एमेटचं कॉलेज दहा वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. इमारतीत आता वृद्धाश्रम होता, आणि नोंदी सेंट पॉलच्या एका सरकारी दप्तरात पडल्या होत्या. तिथल्या टॅबरबाईंना एमेटने फोन लावला. बाईंनी यादी चाळली आणि सांगितलं, की लिंडक्विस्ट नावाचा पदवीधर त्या कॉलेजातून कधीही बाहेर पडलेला नाही. लुंडक्विस्ट आहे एक.

एमेट म्हणाला, ‘‘तोच मी. लिहिणाऱ्याची चूक झाली असणार.’’

‘‘असं लुंडक्विस्ट म्हणू शकतात,’’ टॅबरबाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही कसं म्हणाल?’’

एमेट तावातावाने भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्र काढायला गेला. चौकटीत, काचेआड, सोनेरी अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं: एमेट लुंडक्विस्ट. एकोणीस वर्षं ते त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. आणि एमेट म्हणजे कोण? आडनावातलं एक अक्षर चुकलं म्हणून लोकांची हाडं मोडल्याचे दावे परत पाठवणारा माणूस. तो तिथेच स्टुलावर बसला.

दुरुस्तीचा अर्ज होता, नाही असं नाही. पण त्यावर सही पदवीधराची हवी, म्हणजे लुंडक्विस्टची, आणि तीही नोटरीसमोर. नोटरीने वाहन परवाना मागितला. परवान्यावर लिंडक्विस्ट. नोटरी म्हणाला, लुंडक्विस्टना पाठवा. एमेटने सही लिंडक्विस्ट म्हणून केली तर टॅबरबाईंकडून कागद परत यायचा, लुंडक्विस्ट म्हणून केली तर नोटरी हात लावायचा नाही. पाच आठवडे हे चाललं. एमेटला राग यायचा, पण रागावावं कुणावर हे कळायचं नाही, कारण दोन्हीकडची माणसं अत्यंत नम्र होती आणि दोघंही तंतोतंत त्याच्यासारखीच वागत होती. शेवटी टॅबरबाईंनाच कंटाळा आला. त्यांनी परवाना आणि प्रमाणपत्र दोन्हींच्या प्रती मागवून घेतल्या आणि आपल्या अधिकारात दोघांना एकच माणूस घोषित केलं.

गुणपत्रिका मोहोरबंद पाकिटात आली. पाकीट विद्यापीठानेच फोडायचं, मधे कुणी फोडलं तर ती रद्द. ती आली त्या दिवशी एमेट आणि कोरीन फार्गोला गेले होते आणि टपाल गोळा करायचं काम केटुननकडे होतं. केटुनननी पाकिटावर सरकारी शिक्का पाहिला. पाठीच्या रोग्याला काही तातडीचं असेल, परस्पर फोन करून कळवावं, या सद्भावनेने त्यांनी ते फोडलं, वाचलं आणि चिकटपट्टीने परत नीट बंद केलं. एमेट परतल्यावर त्यांनी पाठीवर हळूच, मणके सांभाळून, थाप मारली. म्हणाले, भाषेत तू हुशार निघालास, पण पोहण्याचा तास का रे अर्धवट सोडलास? पाठीला पोहणंच चांगलं.

अशा रीतीने एमेटला खरं सांगावंच लागलं. केटुनननी दाराशी टेकवलेल्या फावड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तो बर्फ मी उगाच काढला?’’ आणि एमेट काही बोलायच्या आत, ‘‘डॉक्टर होतोयस ते चांगलंय. पण आता मी सांगतो तसं कर.’’

दुसरी गुणपत्रिका यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत एमेटने साहेबांकडून शिफारसपत्र घ्यायचं ठरवलं. साहेबांचं नाव ह्रुस्का. माणूस मनाने मऊ, पण शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय नाही. एमेटने दार लोटून घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाला, की अठरा वर्षं झाली, मला आता काही वेगळं करायचंय, तर तुमच्या दोन ओळी मिळाल्या तर बरं. ह्रुस्कांनी उठून त्याचा हात हातात घेतला. त्यांच्या कानावर पाठीचं आलंच होतं, कारण डाल्बीबाईंची भाची तिसऱ्या मजल्यावर हिशेबखात्यात होती. म्हणाले, बाबा रे, तब्येतीपुढे काही नाही.

शुक्रवारी दुपारी एमेट कॉफीच्या खोलीत गेला तर सगळा मजला तिथे जमलेला. मधे एक मोठा केक आणि त्यावर निळ्या साखरेने लिहिलेलं, ‘पाठ सांभाळ, एमेट’. ह्रुस्का दहा मिनिटं बोलले. एमेटने अठरा वर्षांत एकही दावा घाईने मंजूर केला नाही असं म्हणताना त्यांनी खिशातून हातरुमाल काढला. दोघीतिघींनी डोळे पुसले. अशा ठिकाणी ‘मी जात नाहीये’ हे वाक्य कसं टाकायचं याचं प्रशिक्षण कुणालाच नसतं. एमेटने ते टाकलं. ह्रुस्कांनी हळूच सुरी उचलली आणि केक कापला, कारण केक तर आणलेला होता. एमेट आपला तुकडा घेऊन टेबलाकडे परतला तेव्हा तिथे एक तरुण मुलगी बसून त्याचे खण पुसत होती. पुढचे चार महिने एमेटने झेरॉक्स मशिनशेजारच्या घडीच्या टेबलावर काम केलं. शिफारसपत्र मात्र आलं. त्यात लिहिलं होतं, की उमेदवार सोशिक आहे.

पुढची अट अशी, की उमेदवाराने इस्पितळात सेवा करून रोग्यांचा सहवास घेतलेला असावा. एमेट दर शनिवारी एका इस्पितळात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागला. त्याला निळं जाकीट मिळालं आणि चाकांच्या खुर्च्या ढकलायचं काम. जाकीट घालून तो आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला, हे कोरीनने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पहिल्या शनिवारी अकराच्या सुमाराला एका गृहस्थांना तपासणीसाठी न्यायचं होतं. नर्सने त्यांच्या दंडातून रक्त काढायला घेतलं. ते गृहस्थ हवापाण्याबद्दल बोलत होते. एमेट नळीत चढणारं रक्त कुतूहलाने बघत होता. त्यानंतरचं त्याला आठवतं ते छत.

शुद्धीवर आला तेव्हा तो त्याच चाकांच्या खुर्चीत होता आणि ती खुर्ची ते गृहस्थ ढकलत होते. तातडीच्या विभागात त्याच्या कपाळावर तीन टाके पडले. कोरीन दुकानातून धावत आली. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नर्सला आपल्या काउंटरच्या भाषेत सांगितलं, की हा आत्ता ‘शिंपला पांढरा’ आहे, एरवी हा ‘ओट’ छटेत असतो.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, ‘‘रक्त बघून पडणारा माणूस डॉक्टर होतो का रे?’’

एमेट म्हणाला, ‘‘नर्स म्हणाली, सवय होते. तिलाही आधी व्हायचं असं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘पुढच्या शनिवारी परत जाणार आहे मी.’’

तो खरंच गेला. दुसऱ्या शनिवारी भिंतीला टेकून उभा राहिला, तिसऱ्या शनिवारी न टेकता. हे लोकांना सांगण्यासारखं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नाही, पण झेरॉक्स मशिनशेजारी बसताना त्याची मान थोडी ताठ असायची.

मग ते पत्र आलं. त्याच्या टाक्यांचा दावा त्याच्याच कंपनीने फेटाळला होता. कारण, दुखापत विनावेतन सेवेच्या दरम्यान झालेली असून ती विम्याच्या कोणत्याही सदरात मोडत नाही. सोबत दोन परिच्छेद सांत्वनाचे. ‘आपल्या अडचणीची आम्हांला पूर्ण जाणीव असून’ इथपर्यंत वाचल्यावर एमेटला भाषा ओळखीची वाटली. पुढचं त्याने न बघता म्हणून दाखवलं. नऊ वर्षांपूर्वी हा मसुदा त्यानेच केला होता आणि त्याबद्दल त्याला वार्षिक समारंभात एक पेनस्टँड मिळाला होता. ‘‘चांगलं लिहिलंयस,’’ पत्र वाचून कोरीन म्हणाली. ‘‘वाचणाऱ्याला आपलीच चूक वाटते.’’  त्या रविवारी एमेटने अर्जाबरोबरचा निबंध फाडला आणि नव्याने लिहायला घेतला. आधीच्या निबंधात मानवजात, करुणा, दीपस्तंभ वगैरे मंडळी होती. नव्यात फक्त टू हार्बर्सच्या बाई होत्या आणि गुडघा होता.

आता केटुननचा सल्ला. त्यांचं म्हणणं होतं, बोटीवर कामाला ठेवताना आपण कुणाला घेतो? जो आधीच बटाटे सोलायला बसलाय त्याला. विद्यापीठाचंही तेच. तू आधीच एखादं शास्त्र शिकून दाखव, म्हणजे त्यांना कळेल की गडी हौशी नाही. एमेटला हे पटलं. आयुष्यात केटुननचं काही पटण्याची ही त्याची पहिलीच वेळ आणि तीच महागात पडली. जानेवारीत त्याने गावच्या कॉलेजात संध्याकाळच्या रसायनशास्त्राच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात बाकी सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. प्रयोगासाठी त्याची जोडीदार केल्सी नावाची मुलगी. ती त्याला ‘सर’ म्हणायची आणि त्याच्या हातातून काचसामान काढून घ्यायची. तरीही त्याने दोन चंचुपात्रं फोडली आणि एकदा असा काही वायू तयार केला, की मजला रिकामा करावा लागला. पण हळूहळू काहीतरी घडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक पसरून बसलेला असताना त्याला एका संध्याकाळी समीकरण सुटलं. म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू मोजून सारखे भरले. त्याने कोरीनला बोलावून दाखवलं. कोरीनला त्यातलं काही कळलं नाही, पण रंग कालवताना प्रमाण जमलं की कसं वाटतं ते तिला माहीत होतं. ती शेजारी बसून राहिली. मेमध्ये निकाल लागला. एमेटला वरची श्रेणी मिळाली होती, केल्सीपेक्षाही वरची. त्याने गुणपत्रिका त्याच दिवशी विद्यापीठाला पाठवली, मोहोरबंद, स्वतः टपालात टाकून. केटुनननी त्या आनंदात माशाची कढी केली आणि अर्धी गल्ली जेवायला बोलावली.

जूनमध्ये मिनिआपोलिसला मुलाखत होती. कोरीनने रजा काढली आणि गाडी तिने चालवली, कारण एमेट वाटेत उत्तरं पाठ करणार होता. अभ्यासक्रमाच्या संचालक डॉ. ब्रँट म्हणून एक बाई होत्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी निबंध समोर ठेवला होता.

‘‘गुडघ्याच्या बाईंचं पुढे काय झालं?’’ त्यांनी विचारलं.

हा प्रश्न एमेटने पाठ केलेल्या उत्तरांत नव्हता. तो म्हणाला, ‘‘मी फाइल परत उघडली. दीड महिना लागला, पण ऑपरेशन मंजूर झालं. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलंय. ते मी अजून पूर्ण वाचलेलं नाही.’’

डॉ. ब्रँटनी काहीतरी टिपून घेतलं. एमेटला वाटलं, जमलं. मग त्यांनी दुसरा कागद उचलला. तो रसायनशास्त्राचा होता. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो एमेटने लगेच ओळखला. नामंजुरीचं पत्र लिहिताना त्याच्याही चेहऱ्यावर तोच यायचा.

डॉ. ब्रँट म्हणाल्या, की हा अभ्यासक्रम विज्ञान न शिकलेल्यांसाठी आहे. तुम्ही तर शिकलात, आणि उत्तम शिकलात. त्यामुळे तुम्ही या गटात राहिला नाहीत. एमेटने विचारलं, दुसरा गट आहे का? होता. ज्यांनी विज्ञान घेतलं, पण गुण वाईट मिळाले, त्यांना सुधारण्यासाठीचा. त्याला तिथे घेता आलं असतं, पण त्याचे गुण वाईट नव्हते.

‘‘म्हणजे मी नापास झालो असतो तर?’’ एमेट म्हणाला.

‘‘तर विचार करता आला असता,’’ डॉ. ब्रँट म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. एमेटने त्यांचे आभार मानले.

परतीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यात हिंक्ली नावाचं गाव लागतं. तिथे पेट्रोल भरायला थांबले तेव्हा एमेटने काय झालं ते सांगितलं. दोन वाक्यांत, जणू दुसऱ्याच्या फाइलबद्दल सांगावं तसं. शेवटी म्हणाला, की नियम म्हणजे नियम, त्या बाईंचा काही दोष नाही, आणि सोमवारी ऑफिसला जायचंच आहे.

कोरीनने नळी पंपाला परत अडकवली. दहा महिने ‘वेगळंच आहे हे’च्या पलीकडे न गेलेली ती बाई आता गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि बोलली.

‘‘कपाळावर टाके घेतलेस. झेरॉक्सशेजारी बसलास. त्या पोरांमध्ये बसून परीक्षा दिलीस. आणि तू पास झालास म्हणून ते तुला नको म्हणतात, आणि तू आभार मानून आलास?’’

‘‘नियमात तसं आहे, कोरीन.’’

‘‘तू वाचलास का तो नियम?’’

 अठरा वर्षं एमेट रोज सांगत आला होता, की आपला नियम लोक वाचत नाहीत, नुसतं ऐकून घेतात आणि घरी जातात. त्याला एकदम आपल्या कानांची टोकं गरम झाल्यासारखी वाटली.

‘‘बस गाडीत,’’ कोरीन म्हणाली आणि गाडी पुन्हा दक्षिणेकडे वळवली.

चारला पाच मिनिटं असताना ते परत त्या दालनात होते. डॉ. ब्रँट कोट चढवत होत्या. कोरीनने स्वतःची ओळख करून दिली आणि सांगितलं, की माझ्या मिस्टरांना नियम वाचायचाय. डॉ. ब्रँटनी कपाटातून सोळा पानांची पुस्तिका काढून दिली. पान चार, कलम दोन. पूर्वतयारीचे विज्ञानविषय ज्यांनी पूर्ण केले आहेत असे उमेदवार अपात्र समजण्यात येतील.

एमेटने कलम वाचलं आणि थेट शेवटचं पान उघडलं. शब्दांच्या व्याख्या शेवटच्या पानावर असतात, कारण तिथवर कुणी जात नाही. एमेटचं उभं आयुष्य तिथेच गेलं होतं. त्याने बोट खाली खाली नेलं आणि एका ओळीवर ठेवलं.

‘‘इथे म्हटलंय,’’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम ऑफिसचा झाला, ‘‘की ‘पूर्ण’ म्हणजे दोन्ही सत्रं उत्तीर्ण. मी पहिलंच सत्र केलंय. दुसरं केलेलं नाही. व्याख्येप्रमाणे मी रसायनशास्त्र पूर्ण केलेलं नाही. म्हणजे या पुस्तिकेच्या दृष्टीने मला ते येत नाही.’’

डॉ. ब्रँटनी चष्मा लावला. ओळ वाचली. पुन्हा चौथं पान, पुन्हा सोळावं. मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बसल्या.

‘‘अकरा वर्षं मी या खुर्चीवर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे पान कुणी उघडलेलं मी पाहिलेलं नाही. मी धरून.’’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘तुम्हाला पहिलं सत्र परत करावं लागेल. पहिल्यापासून. चालेल?’’

आयुष्यात एमेटने बारीक अक्षरांतलं कलम काढून कुणाला तरी ‘हो’ मिळवून दिलं, ते हे पहिलं. बाहेर जिन्यावर आल्यावर तो पायरीवर बसला आणि त्याला हसूही येईना, रडूही येईना. कोरीन त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, पण छटेचं नाव काही सांगितलं नाही.

पत्र जुलैत आलं. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी मिनिआपोलिसला दोन खोल्या घेतल्या. कोरीनला तिथल्या एका दुकानात रंगाचंच काउंटर मिळालं. ह्रुस्कांनी या वेळी केक आणला नाही, म्हणाले, एकदा झालाय.

पहिल्या दिवशी एमेट अर्धा तास आधी पोचला. प्रयोगशाळा रिकामी होती. कुठे बसावं हे न कळून तो फळ्याजवळ, पुढच्या टेबलाशी उभा राहिला आणि वही, पेन, चष्मा नीट मांडू लागला. मुलं एकेक करून येऊ लागली. आत येणारा प्रत्येक जण त्याला मान लववून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा, एमेटही म्हणायचा. किती सालस मुलं आहेत, असं त्याच्या मनात आलं. नऊ वाजले. सगळे जागेवर बसले, वह्या उघडल्या, पेनं उचलली आणि चोवीस चेहरे त्याच्याकडे टक लावून बघू लागले. कुणीतरी विचारलं, ‘‘डॉक्टर, आज प्रयोग आहे का?’’

एमेटने मागे वळून पाहिलं. मागे फळा होता. तेव्हा कुठे त्याला उमगलं, की पोरं प्राध्यापकांनाही डॉक्टरच म्हणतात. त्याने लगेच सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर ते संबोधन त्याने तोंडातल्या खडीसाखरेसारखं दोन क्षण तसंच विरघळू दिलं.

एवढ्यात दार उघडून एक मुलगी घाईघाईने आत आली. पाठीवर सॅक, हातात कॉफी, वय फार तर सत्तावीस. तिने सॅक पुढच्या टेबलावर ठेवली, एमेटच्या वहीकडे आणि मग एमेटकडे पाहिलं.

‘‘मी या वर्गाची प्राध्यापक,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही कोण?’’

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एमेटने वही उचलली, पेन उचललं, चष्मा उचलला.

‘‘विद्यार्थी,’’ तो म्हणाला आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला.